पास करण्यापूर्वी तीन गोष्टी बघा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त घेतलेल्या सामान्य ज्ञान स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



सर्वप्रथम आपल्या संस्थेला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याबद्दल आपणा सर्वांचे अभिनंदन. सांस्कृतिक समितीने मला सांगितले आहे, "काका, वीस मिनिटे बोला. पण लांबवू नका, बक्षिसे द्यायची आहेत आणि खाली इडल्या गार होतायत." तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

स्पर्धेच्या तयारीसाठी गेले महिनाभर मुले माझ्याकडे येत होती. त्यातल्या एका चुणचुणीत मुलीने मला विचारले, "आजोबा, सगळं मोबाइलवर मिळतं. मग हे पाठ कशाला करायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. राजधान्या आणि नद्या पाठ असणे म्हणजेच ज्ञान, असे मलाही वाटत नाही. पण माझे उत्तर असे आहे की मोबाइलवर खऱ्या नोटा मिळतात तशा खोट्याही मिळतात, आणि दोन्ही सारख्याच चकचकीत असतात. त्यातली खरी कोणती हे बघायला डोळा तयार व्हावा लागतो. सामान्य ज्ञानाचा खरा उपयोग तो.

आता मी पडलो बँकेतला माणूस. सगळी नोकरी काउंटर आणि लेजर यांच्यात गेली. त्यामुळे मला दुसरी भाषा येत नाही. चेक पास करायला समोर आला की आम्ही मुख्यतः तीन गोष्टी बघायचो. पहिली, तारीख. दुसरी, अक्षरी रक्कम आणि अंकी रक्कम जुळते का. तिसरी, सही. तिन्ही बरोबर असतील तर पास, नाहीतर परत. समोर माणूस कितीही सुटाबुटातला असो, कितीही गोड बोलणारा असो. माझे म्हणणे एवढेच की कुठलीही माहिती कानावर आली की तिलाही याच तीन चाळण्या लावाव्यात.

पहिली चाळणी, तारीख.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? (इथे जवळजवळ सगळे हात वर झाले.) बघा, सगळ्यांनी. आता तारीख बघू. माणूस पहिल्यांदा अवकाशात गेला १९६१ साली, युरी गागारिन. चंद्रावर पाऊल ठेवले १९६९ साली. आणि भिंत चंद्रावरून दिसते ही गोष्ट छापून आली होती १९३२ मध्ये! म्हणजे चंद्रावरून बघायला कोणी गेलेलेच नव्हते तेव्हा. पुढच्या तारखेचा चेक आम्ही कधी पास करत नसू, पण जगाने हा चेक बिनबोभाट पास करून टाकला.

पुढे माणसे खरोखर चंद्रावर जाऊन आली. त्यांना भिंत दिसली नाही. २००३ साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला. चंद्र तर सोडाच, पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतूनही आपल्याला भिंत दिसली नाही, असे त्याने सांगितले. आणि हिशेब मांडला तर ते स्वाभाविकच आहे. भिंत हजारो किलोमीटर लांब असली तरी जाडी काही मीटरच. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. तेवढ्या अंतरावरून ती जाडी बघणे म्हणजे साधारण तीन किलोमीटरवरून माणसाच्या डोक्यावरचा एक केस बघणे. आपल्या ठाणे स्टेशनवर उभे राहून मुलुंडच्या फलाटावरच्या माणसाचा केस मोजण्यासारखे आहे हे!

तारखेचा दुसरा प्रकार म्हणजे शिळा चेक. पूर्वी चेक सहा महिने चालायचा, एप्रिल २०१२ पासून तीन महिनेच चालतो. माहितीही अशीच शिळी होते. प्लूटो नववा ग्रह, हे आम्ही शाळेत लिहिले आणि गुण मिळवले. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटोला बटुग्रहांत टाकले. आज एखादा आजोबा नातवाला नऊ ग्रह शिकवत असेल तर तो खोटे बोलत नाही. त्याचा चेक शिळा झालाय, एवढेच.

दुसरी चाळणी, अक्षरी आणि अंकी रक्कम. म्हणजे नेमके शब्द काय आहेत ते बघणे. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते.

आपण ठाणेकर. भारतातली पहिली रेल्वे कुठे धावली, असे विचारले की आपली छाती फुगते. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ओढायला तीन इंजिने. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. निघताना २१ तोफांची सलामी. सगळे बरोबर. पण प्रश्नात एक शब्द हवा, 'प्रवासी'. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे. कारण मद्रासजवळ रेड हिल्स इथे १८३७ साली रस्त्याच्या कामाचा दगड वाहायला लोहमार्ग टाकलेला होता. आणि रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामासाठी १८५१ साली वाफेच्या इंजिनाने माती ओढली जात होती. म्हणून ठाणेकरांनी मान खाली घालायचे कारण नाही. माणसे घेऊन धावलेली पहिली गाडी आपलीच. फक्त शब्द नीट वापरायचा.

तसेच सिनेमाचे. पहिला भारतीय चित्रपट कोणता? मुले एका सुरात म्हणतात, राजा हरिश्चंद्र, दादासाहेब फाळके, ३ मे १९१३, गिरगावातले कोरोनेशन थिएटर. पण त्याच थिएटरात जवळजवळ एक वर्ष आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा श्री पुंडलिक दाखवला गेला होता. मग पहिला मान फाळक्यांना का? कारण पुंडलिक हे रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली होती. फाळक्यांनी कथेपासून छपाईपर्यंत सगळे इथे केले. दोघेही दादासाहेब, दोघेही मराठी. आपण भांडायचे कशाला? 'पहिला' म्हणजे कशात पहिला, हे विचारायचे, म्हणजे दोघांचाही मान राहतो. आणि जाता जाता एक गंमत सांगतो. हरिश्चंद्राच्या तारामतीचे काम करायला एकही स्त्री मिळाली नाही, तेव्हा ते अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केले. पुढे १९१७ च्या लंका दहन मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. डबल रोल म्हटले की आपल्याला अलीकडचे नट आठवतात, पण सुरुवात ही अशी आहे.

आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक आहेत. शेजारच्या कल्याणात त्यांचे वास्तव्य होते. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी कलकत्त्याला कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पुरे केले, आणि त्यांनी पुढे बरीच वर्षे प्रॅक्टिस केली. आनंदीबाई मात्र परत आल्या त्या आजारी होऊनच, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच गेल्या. परदेशी जाऊन पदवी घेणारी पहिली म्हटले की आनंदीबाई, आणि रुग्ण तपासणारी म्हटले की कादंबिनींचे नाव घ्यायलाच हवे. एकीचे नाव घेताना दुसरीचे पुसायची गरज नाही. आणि मुलांनो, हे लिहून ठेवा. शुक्र ग्रहावरच्या मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावे दिलेली आहेत. त्यांत एक जोशी आहे, ते आपल्या आनंदीबाईंचे. एक मेधावी आहे, ते पंडिता रमाबाईंचे. आणि एक झिराड आहे, ते मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचे. संध्याकाळी आकाशात शुक्र दिसला की या तिघींची आठवण काढा.

शून्याचा शोध कोणी लावला? उत्तर येते, आर्यभट. आर्यभट थोरच. इ.स. ४९९ चा त्यांचा ग्रंथ, आणि त्यात स्थानमूल्याची पक्की जाण दिसते. पण शून्य ही स्वतंत्र संख्या धरून तिची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम लिहिले ते ब्रह्मगुप्तांनी, इ.स. ६२८ मध्ये, ब्रह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात. आणि शून्याचे चिन्ह डोळ्यांनी बघायचे असेल तर ग्वाल्हेरला जा. तिथल्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवासाठी फुलबाग दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० हार देवाला वाहावेत, असा तो हिशेब. २७० आणि ५० यांतली शून्ये आजच्यासारखीच वाटोळी. मला हा शिलालेख फार आवडतो. कारण इतके मोठे गणित कुठे कोरलेले सापडले, तर फुलांच्या हिशेबात!

आता खेळ. स्पर्धेत 'भारताला पहिले ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिले?' असा प्रश्न होता. काहींनी लिहिले खाशाबा जाधव, काहींनी नॉर्मन प्रिचर्ड, काहींनी हॉकी. परीक्षकांचे डोके फिरले. पॅरिसला १९०० साली कलकत्त्याच्या प्रिचर्डने धावण्यात दोन रौप्यपदके मिळवली, ती भारताच्या नावावर आहेत. हॉकीचे सुवर्ण १९२८ पासूनचे, पण ते संघाचे. खाशाबांचा मान कोणता? स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. 'स्वतंत्र' आणि 'वैयक्तिक' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. हेलसिंकी, १९५२, कुस्तीत कांस्य. साताऱ्याकडचे, कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान. जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. माझ्या हाताखालून तारणाची कितीतरी कर्जे गेली, पण विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी राहते घर तारण, असे प्रकरण काही माझ्या टेबलावर आले नाही. परत आल्यावर खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, शंभरावर बैलगाड्या होत्या. त्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडले, अटलांटाला, लिअँडर पेस. चव्वेचाळीस वर्षे! नुसते नाव पाठ करून एक गुण मिळतो. हे सगळे कळले तर माणूस कळतो.

परदेशातले एक उदाहरण देतो आणि ही चाळणी संपवतो. आइन्स्टाइनला नोबेल कशाबद्दल मिळाले? सगळे म्हणणार, सापेक्षतावाद. नाही. पारितोषिक १९२१ सालचे, जाहीर झाले १९२२ मध्ये, आणि मानपत्रात खास उल्लेख आहे तो प्रकाशविद्युत परिणामाचा. प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्यामागचा नियम. आपल्या गच्चीवर ज्या सोलर पॅनेलसाठी मागच्या सर्वसाधारण सभेत दीड तास वाद झाला, तीही प्रकाशापासून वीज करण्याचीच किमया. तेव्हा आइन्स्टाइन आपल्यापासून फार लांब नाही, गच्चीवरच आहे.

तिसरी चाळणी, सही. कोण सांगतंय?

आधी एक बँकेतला प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या गव्हर्नरची सही असलेली नोट कोणी पाहिली आहे? कोणीच पाहिलेली नाही, आणि पाहणारही नाही. रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ रोजी. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ. बँकेने स्वतःच्या नोटा काढल्या १९३८ मध्ये, तोवर स्मिथसाहेब पद सोडून गेले होते. पहिल्या नोटांवर सही आहे दुसरे गव्हर्नर टेलर यांची. पहिले भारतीय गव्हर्नर मात्र आपले चिंतामणराव देशमुख, १९४३ साली. आणि एक रुपयाची नोट कधी मिळाली तर निरखून बघा. तिच्यावर गव्हर्नरची सही नसतेच. ती भारत सरकारची नोट, तिच्यावर सही वित्त सचिवांची. म्हणजे नोटेवरसुद्धा कोणाची सही कुठे चालते, हे ठरलेले आहे.

मग दर काही महिन्यांनी आपल्या ग्रुपवर येणारा तो मेसेज आठवा. 'युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम म्हणून जाहीर केले. आत्ताच. अभिमान असेल तर दहाजणांना पाठवा.' युनेस्को राष्ट्रगीतांना असे नंबर देतच नाही, आणि तसा खुलासाही त्यांनी केलेला आहे. म्हणजे ही सही खोटी. आपले राष्ट्रगीत २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा गायले गेले, २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेले, आणि ते साधारण ५२ सेकंदांत म्हणायचे असते. ही खरी माहिती काय कमी अभिमानाची आहे? तिला खोट्या सहीची गरजच काय?

हॉकी आपला राष्ट्रीय खेळ, हेही तसेच. ऑलिंपिकमध्ये पुरुष हॉकीची आठ सुवर्णपदके आपल्याकडे आहेत. पण माहितीच्या अधिकारात विचारल्यावर २०१२ साली क्रीडा मंत्रालयाने लेखी कळवले की कुठल्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेले नाही. आठ सुवर्णे खरी आहेत, नुसत्या त्या घोषणेखाली सही नाही.

आता जरा खिशाला हात घालू. काही वर्षांपूर्वी दहा रुपयांची नाणी कोणी घेईना, आठवतंय? 'रुपयाचे चिन्ह नाही ते नाणे खोटे' असा मेसेज फिरत होता. दुकानदार घेईना, रिक्षावाला घेईना. रुपयाचे चिन्ह ठरले २०१० साली आणि नाण्यांवर आले २०११ पासून. त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कुठून? इथे नुसती तारीख बघितली असती तरी पुरे होते. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार चलनात आहेत आणि चौदाही खरे आहेत. पण तोवर नुकसान कोणाचे झाले? तुमचे-माझे नाही. ते झाले गेटसमोर बसणाऱ्या भाजीवालीचे. तिच्या डब्यात दिवसभराच्या कमाईची तीच नाणी साठलेली, आणि घाऊक बाजारात तिच्याकडून ती कोणी घेत नव्हते.

इथपर्यंत आपण हसत आलो. आता एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. बक्षीस समारंभ आहे हे मला माहीत आहे, पण मुले मोठी आहेत, त्यांनीही ऐकावे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी तिथे आठवड्याचा बाजार होता. भटक्या डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली होती. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात मोबाइलवर फिरत होते. जमावाने पाचही जणांना मारून टाकले. पाच माणसे. त्या मेसेजवर तारीख नव्हती, गाव नव्हते, सही नव्हती. कुठल्याही बँकेत शंभर रुपयांचा चेक असा आला असता तर परत गेला असता. तिथे मात्र पाच जिवांचा चेक पास झाला.

हे लांब कुठेतरी, खेड्यात घडते, असे समजू नका. आपल्याही ग्रुपवर एकदा एका माणसाचा फोटो आला होता. 'हा मुलांवर नजर ठेवून असतो, सावध राहा.' काही तासांत तो तिन्ही विंगच्या ग्रुपवर पोहोचला. फोटोतला माणूस दिसायला थोडाफार आपल्याकडे सुऱ्या-कात्र्यांना धार लावायला येणाऱ्या माणसासारखा होता. दोन दिवसांनी धारवाला नेहमीप्रमाणे सायकल घेऊन आला, आणि गेटवर लोकांनी त्याला घेरले. नशीब की बी विंगमधल्या दोघी-तिघी खाली आल्या. "अहो, हा आमच्याकडे दहा वर्षं येतोय," असे त्यांनी ठणकावून सांगितले. सेक्रेटरींनी पोलीस स्टेशनला फोन लावला. तो फोटो भलत्याच राज्यातला, जुना, आणि दुसऱ्याच कुठल्या भानगडीतला निघाला. कोणाला इजा झाली नाही. पण तो धारवाला त्यानंतर आपल्याकडे आलेला नाही. आणि ज्यांनी फोटो पुढे पाठवला ती काही वाईट माणसे नव्हेत. मुलांच्या काळजीनेच पाठवला होता. काळजी खरी होती, कागद खोटा होता. बँकेत आम्ही नवीन मुलांना हेच सांगायचो. घाईत असलेला माणूस वाईट नसतो, पण त्याच्या घाईत सही बघायची राहते.

म्हणून मी म्हणतो, सामान्य ज्ञान हा नुसता फावल्या वेळेचा खेळ नाही. चीनच्या भिंतीच्या बाबतीत फसलो तर कोणाचे काही बिघडत नाही. पण तिथे तारीख विचारायची सवय लागली, तर ती सवय गेटवर उपयोगी पडते. 'तुमचे केवायसी आज संपते, लगेच ओटीपी द्या' असा फोन आला, तर तिथेही पडते. सोसायटीतल्या माझ्या वयाच्या मंडळींना मुद्दाम सांगतो. कुठलीही बँक फोनवर ओटीपी मागत नाही. समोरचा कितीही 'सर, सर' करो, फोन ठेवा आणि शाखेत जा.

तीन चाळण्या झाल्या. त्याशिवाय कॅशियरचा एक नियम असतो, नोटा स्वतः मोजून घ्यायच्या. जी गोष्ट स्वतःला तपासता येते ती तपासून बघावी. त्यातला आनंद वेगळा आहे.

डॉन ब्रॅडमनची कसोटी सरासरी ९९.९४, हे सगळे सांगतात. कागद-पेन्सिल घ्या. धावा ६९९६, डाव ८०, त्यांत नाबाद १०, म्हणजे बाद ७० वेळा. भागा. ९९.९४ येते. आता त्यात चार धावा मिळवा, ७००० भागिले ७०, बरोबर शंभर! १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात त्याला फक्त चार धावा हव्या होत्या, आणि एरिक हॉलिजने त्याला शून्यावर त्रिफळाचीत केले. आकडा पाठ केला तर तो नुसता आकडा राहतो. स्वतः भागाकार केला की ते चार रन आपल्यालाही टोचतात.

दुसरे, ऊन. उन्हाळ्यात सूर्य आपल्या जवळ येतो म्हणून उकडते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर घालतो तेव्हा. अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. आणि सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून.

आणि तिसरे, भर दुपारी सूर्य रोज डोक्यावर येतो का? नाही. ठाण्यात तो वर्षातून दोनदाच बरोब्बर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैत ढग असतात, पण मे आपला आहे. मुलांनो, त्या दिवसांत दुपारी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान गच्चीवर एक सरळ काठी उभी करा. काही मिनिटे तिची सावली नाहीशी होते. या मे महिन्यात गच्चीची किल्ली तुम्हाला देण्याची मी आत्ता सर्वांदेखत सेक्रेटरींना विनंती करतो. (सेक्रेटरींनी मान डोलावली. त्याची इथे लेखी नोंद करतो.)

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघते आहे. आपल्याकडे आत्ताच वाद चालू आहेत, पहिला गणपती संस्था नोंदवली त्याच वर्षी बसला की दुसऱ्या वर्षी, पहिली सर्वसाधारण सभा गच्चीवर झाली की पार्किंगमध्ये. आवाज चढवून हे ठरणार नाही. इतिवृत्ताचे पुस्तक आहे, वर्गणीच्या पावत्या आहेत, त्या काढा. आणि घरोघरी जुने फोटो आहेत, त्यांच्या मागे आजच तारीख आणि माणसांची नावे लिहा. ते पहिले रहिवासी, ज्यांनी टँकरचे पाणी जिन्याने वर नेऊन दिवस काढले, त्यांतले काही आज आपल्यात नाहीत. जे आहेत त्यांना विचारून घ्या. आणखी पंचवीस वर्षांनी याच सभागृहात कोणीतरी मुलगी उभी राहून आपल्या संस्थेची माहिती सांगेल, तेव्हा तिच्या हातात तारीख, नेमके शब्द आणि सही असलेला कागद असला पाहिजे.

स्पर्धेतल्या सर्व विजेत्यांचे अभिनंदन. ज्यांना बक्षीस मिळाले नाही त्यांचे जास्त अभिनंदन, कारण उत्तर चुकले की माणूस घरी जाऊन पुन्हा बघतो.

संस्थेच्या पुढच्या वाटचालीला मनापासून शुभेच्छा. चला, इडल्या वाट बघतायत.

जय हिंद, जय महाराष्ट्र!